मापातले पांडव

वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, उमरग्यात माणूस सापडत नाही. हॉटेलांची शटर खाली, रिक्षा स्टँडवर एक कुत्रं, आणि डॉक्टरही रानात गेलेले असल्यामुळं त्या दिवशी कुणी आजारी पडत नाही. ज्याला रान आहे तो आपल्या रानात जातो. ज्याला नाही तो ज्याला आहे त्याच्या रानात जातो. तिथं कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, तिच्यात पाच पांडव मांडायचे, पूजा करायची आणि जेवायचं. जेवण म्हणजे भज्जी. ही भज्जी तळणीतली नव्हे. मिळतील तेवढ्या शेंगा, दाणे आणि पाला एका पातेल्यात घालून बेसनात शिजवलेला तो एक सर्वपक्षीय पदार्थ आहे. सोबत उंडे म्हणजे बाजरीचे वाफवलेले गोळे, खीर, आणि ज्वारीचं पीठ ताकात रात्रभर आंबवून केलेली आंबील. ती पिऊन माणूस जिथं बसलेला असतो तिथंच आडवा होतो.

या दिवशी माणसांचे दोनच प्रकार पडतात. बोलावणारे आणि बोलावलेले.

शंभुलिंग कोराळे, म्हणजे शंभुअण्णा, लग्न झाल्यापासून दुसऱ्या प्रकारात होते. त्यांचे साडू शंकरप्पा पहिल्या प्रकारात होते, आणि तेही असे की त्यांच्या रानात ट्रॉलीनं माणसं येत. दर वर्षी अण्णा आणि त्यांची बायको श्रीदेवी बांधावरून येताना दिसली, की शंकरप्पा कोपीच्या दारातून ओरडत, "या इंजिनियर, या! तुमचं लई बरं हाय बगा. न्हाय नांगरट, न्हाय पेरणी, डायरेक पंगत!"

सगळी पंगत हसायची. अण्णाही हसायचे. त्यांना दोन गोष्टी लागत. एक, ते इंजिनियर नव्हते. ते पाटबंधारे खात्यात आरेखक होते, म्हणजे इंजिनियरच्या मनात जे वाकडंतिकडं येतं ते कागदावर सरळ आणणारे. दुसरी, शंकरप्पा खरं बोलत होते.

निवृत्त झाल्यावर अण्णांनी मुरूमच्या रस्त्याला एकरभर रान घेतलं. काळं, सकस, भुसभुशीत. कुदळीला खडा लागत नाही असं. ज्वारी पोटरीला आली तशी अण्णांनी साडूंना फोन केला.

"अप्पा, यंदा येळवस आमच्याकडं."

पलीकडं ट्रॅक्टर बंद केल्याचा आवाज आला. मग शंकरप्पा म्हणाले, "येतो की. समदेच येतो. बगू तरी इंजिनियरचं रान."

त्या 'बगू तरी'नं अण्णांची झोप गेली. रान बघायला येणाऱ्या माणसाला दाखवायचं काय? ज्वारी सगळ्यांचीच सारखी. भज्जी श्रीदेवी करणार, म्हणजे तिची बहीण मल्लम्मा करते तशीच होणार. अण्णांनी डोळे मिटून साडूंची कोप आठवली आणि त्यांना एकदम उत्तर सापडलं. पांडव! साडूंच्या कोपीत पांडव म्हणून काय असतं? बांधावरचे पाच दगड. त्यांना चुन्याचा हात, वर लाल कावेचे ठिपके, झाले पांडव. त्यातला एक तर मोडका मैलाचा दगड होता आणि चुना पातळ झाला की त्याच्या पोटावर सोलापूर किती लांब आहे ते वाचता यायचं. नमस्कार करताना अण्णांची नजर दर वर्षी तिथंच जायची.

आपले पांडव मापात असतील, असं अण्णांनी ठरवलं.

माती

मूर्तीला माती तलावातली लागते. तलाव गावाबाहेर आहे. गावातला कुणीही माणूस संध्याकाळी फिरायला जातो आणि येताना घमेलंभर माती घेऊन येतो. पण ज्या माणसानं त्या तलावाच्या भिंतीचा नकाशा काढला, त्यानं तिथून चोरून माती आणायची? अण्णा रीतसर एका कचेरीत गेले. कचेरीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, तिथल्या माणसांनाही ते नीट पाठ नव्हतं.

"किती गाळ पायजे?" कारकुनानं विचारलं.

"दोन घमेली."

"घमेलं न्हाय चालत. कमीत कमी एक टिपर."

"मला पांडव करायचेत हो."

कारकुनानं हेतूच्या रकान्यात 'शेतीसुधारणा' लिहिलं. "बसतंय," तो म्हणाला. "पांडव शेतातच ठेवणार ना?"

अण्णांना हे तर्कशुद्ध वाटलं, इथं त्यांची पहिली चूक झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते झोपले असताना टिपर आला, मागच्या मागं बसवनगरच्या बोळात शिरला आणि त्यांच्या फाटकासमोर रिकामा झाला. अण्णा बाहेर आले तेव्हा घराच्या नावाच्या पाटीवरचं 'कोराळे' तेवढं दिसत होतं. स्कूटर आत अडकली होती. संध्याकाळी नळाला पाणी आलं, आणि बोळातल्या पाच-सहा घरांच्या नळ्या त्या गाळातूनच गेलेल्या असल्यामुळं रात्रीपर्यंत ढिगाचा चिखल झाला.

शेजारचे कोंडीराम त्यात पहिले अडकले. हे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. सगळ्या विषयांवरची मतं तिकिटासारखी फाडून हातात देणारे. ते गुडघ्यापर्यंत आत गेले, आणि एक चप्पल आतच ठेवून बाहेर आले.

"शंभुअण्णा, हे काय हाय?"

"पांडव," अण्णा म्हणाले.

कोंडीरामांनी ढिगाकडं नीट पाहिलं. "पाचच करायलाव ना?"

धर्म

पांडवांची उंची कुठंच लिहिलेली नाही. अण्णांनी शोध घेतला. शेवटी त्यांनी धर्म एक वीत धरला आणि बाकीचे त्याच्या प्रमाणात बसवले. प्रत्येकाचा पुढून, बाजूनं आणि वरून असा नकाशा काढला. भीमाचा मधून कापलेला छेदही काढला. सगळे नकाशे हॉलच्या भिंतीवर लावले. मग हातात रबरी मोजे घातले, कारण मातीनं नखं खराब होतात, आणि श्रीदेवीच्या पुरणयंत्रातून गाळ चाळायला सुरुवात केली.

श्रीदेवीनं स्वयंपाकघरातून पाहिलं. "ते पुरणाचं हाय," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. मग ती आत गेली आणि राहिलेली भांडी कपाटात घालून तिनं किल्ली कमरेला लावली.

धर्म उभा राहिला. चेहऱ्यापर्यंत सगळं नकाशाबरहुकूम झालं. चेहऱ्याशी मात्र सगळा बोळ बघायला आला.

कोंडीराम (खुर्ची ओढत): मिशा कुठं हायती?

अण्णा: धर्माला मिशा होत्या याला काही आधार नाही.

कोंडीराम: टीव्हीवर होत्या की.

तुळजाबाई (समोरच्या घरातल्या, वाशी तालुक्याकडच्या; पदर खोचून आलेल्या): धर्मराजाला मिशा कशाला? त्यो शांत माणूस. मिशा भीमाला.

कोंडीराम: मंग शांत माणसाला मिशा नसत्यात का? मला हायती की.

तुळजाबाई: तुमी शांत हाव का?

कोंडीराम: आवो, तीस वर्षं एसटीत काढली. शांत नसतो तर एकेका डेपोत एकेक मर्डर झाला असता.

अण्णा: तुम्ही दोघंही जरा सरका. उजेड अडतोय.

तुळजाबाई: अण्णा, डोळं लई लहान झालं.

कोंडीराम: मोठं झालं.

अण्णांनी पट्टी लावून पाहिलं. डावा डोळा उजव्यापेक्षा सूतभर खाली होता. त्यांनी तो वर घेतला. तो वर गेल्यावर उजवा खाली दिसू लागला. संध्याकाळपर्यंत दोन्ही डोळे कपाळावर पोचले आणि धर्मराज कुणीतरी मागून हाक मारल्यासारखे दचकलेले दिसू लागले. अण्णांनी डोकं काढून पुन्हा केलं. दुसऱ्या डोक्याला त्यांनी एका गालावर मिशी ठेवली, म्हणजे तुलना करता येईल, आणि ती तुलना करता करताच वाळली.

भीम

भीमाच्या पोटाला गाळ फार लागला म्हणून अण्णांनी तो न चाळताच भरला, आणि वाळताना ते फुटलं. बेंबीतून एक चीर निघाली ती सरळ गळ्यापर्यंत गेली.

"कापूस घालायचा," कोंडीराम म्हणाले.

"भुस्सा," तुळजाबाई म्हणाल्या. "आमी लहानपणी बैल करायचो पोळ्याला, भुस्सा घालायचो."

"तुमचे बैल फुटत नव्हते?" अण्णांनी विचारलं.

"फुटायचे की. पर भुस्सा असायचा त्यात."

कुणी शेण सांगितलं. कुणी म्हणालं गूळ घाला, जुन्या वाड्यांच्या भिंती गुळाच्याच आहेत. अण्णा शास्त्रीय माणूस, त्यांनी कुणालाच खोटं पाडलं नाही. कापूस, भुस्सा, शेण आणि गूळ हे चारही जिन्नस त्यांनी सारख्या वजनानं घातले. वजन करायला काटा हवा होता, पण तो कपाटात आणि किल्ली श्रीदेवीच्या कमरेला. म्हणून बोळाच्या तोंडावरच्या भाजीवाल्याकडं जाऊन त्यांनी शेण मोजून आणलं. तो भाजीवाला अजून त्यांच्याशी बोलत नाही.

आता चीर पडली नाही. गुळामुळं मुंग्या मात्र आल्या. त्या भीमाच्या नाकातून आत जात आणि डोळ्यांतून बाहेर येत. एका मुंगीच्या मागं दाभण घालताना अण्णांना पोटात काहीतरी टणक लागलं. हाड तर नव्हे? मातीत हाड म्हणजे अशुभ. बोळ जमला. अण्णांनी नकाशातला छेद समोर ठेवून, अगदी त्याच रेषेत भीमाचं पोट कापलं.

आत कोंडीरामांची चप्पल होती.

"आरं तिच्या!" कोंडीराम खूश झाले. त्यांनी ती तिथंच पायात घातली आणि तीन-चार पावलं चालून पाहिली. "काय बी झालं न्हाय हिला. फक्त गोड वास यायलाय."

त्या रात्री पुण्याहून मुलीचा, वैष्णवीचा व्हिडिओ कॉल आला. अण्णांनी फोन फिरवून पांडव दाखवले.

"बाबा, किती घोटताय! हात दिसू द्या की त्यात तुमचा. इकडं लोक मुद्दाम ओबडधोबड करतात. माझ्या ऑफिसजवळच्या दुकानात वाकडे कप साध्या कपांपेक्षा महाग आहेत."

"वाकडा कप म्हणजे नापास माल," अण्णा म्हणाले. "तो महाग विकतात हा पुण्याचा दोष आहे. मी तसलं काही साडूंसमोर ठेवणार नाही."

"शंकरप्पा काका काय पांडव बघायला येणारेत का?"

"बघायलाच येणारेत. तेच म्हणालेत."

वैष्णवीनं कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "आईला फोन द्या."

अर्जुन

अर्जुनात काहीच बिघडलं नाही. त्यामुळं त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

नकुल

नकुलाबद्दल बोळात कुणालाच काही माहीत नव्हतं. कोंडीरामांनाही नाही. अण्णांच्या आयुष्यातला सगळ्यात निवांत दिवस त्यांनी नकुल करण्यात घालवला.

सहदेव, म्हणजे पुन्हा नकुल

नकुल झाला, सहदेव झाला. दोघं शेजारी ठेवून अण्णा मागं सरकले, आणि तेवढ्यात तुळजाबाई दारातून म्हणाल्या, "जुळे हायती ना ते? हे तर सख्खे बी वाटंनात."

खरं होतं. सहदेव बोटभर उंच होता. अण्णांनी त्याचं डोकं थोडं खरवडलं. आता खांदे मोठे दिसू लागले. खांदे खरवडले. आता नकुल जाड. नकुलाची कंबर कमी केली, तर सहदेवाची जास्त झाली. सहदेवाची कमी केली, तर नकुल म्हणजे दोन दिवस उपाशी असलेला सहदेव वाटू लागला. अण्णांनी दोघांच्या मधोमध दोरा टांगला, कंपासनं डोकी मोजली, पाणसळ खांद्यांवर ठेवली. बुडबुडा मधोमध यायचा आणि हात काढला की सरकायचा. जेवायला बोलावलं तर "एवढा कान झाला की" म्हणाले. कान झाला तेव्हा ज्याचा कान जुळवायचा होता तो पांडव बोटाएवढा राहिला होता.

श्रीदेवी ताट घेऊन आली आणि उभी राहिली. टेबलावर वीतभर धर्म, कलिंगडाएवढा भीम, निर्दोष अर्जुन, आणि पुढं मिठाच्या बरणीतल्या चमच्यांसारखे दोन काहीतरी.

"आवो," ती म्हणाली, "अप्पा भावजींना काय लागतंय? आंबील लागतीय. गार सावली लागतीय. आन् त्यांनी काय म्हटलं की तुमचं हसलेलं तोंड लागतंय. ते पांडवांकडं बघत सुदा न्हाईत."

"ह्या वर्षी बघतील," अण्णा म्हणाले. "ह्या वर्षी पाहुणे ते आहेत."

आता इतकं झाल्यावर कुणालाही वाटेल की अण्णांनी माघार घ्यावी. पण पुढं त्यांनी सगळेच पांडव पुन्हा घडवले. जुळे आधी, म्हणजे बाकीचे त्यांच्या मापानं. किती वेळा केले ते सांगत नाही. ढीग मात्र कमी झाला, स्कूटर बाहेर निघाली आणि हॉलचा पंखा कुठल्याही वेगावर माती उडवू लागला. अमावस्येच्या आदल्या दिवशी पाचही पांडव तयार होते. वाळलेले, घोटलेले, चुन्याचे दोन हात दिलेले, बारीक कुंचल्यानं डोळे काढलेले. मिशांचा प्रश्न अण्णांनी सगळ्यांना समान मिशा देऊन निकालात काढला. पाच एका मापाचे, एका उंचीचे, पाच आरेखक एका ओळीत फोटोला उभे राहिल्यासारखे. बोळानं ते पाहिले आणि कुणालाच नाव ठेवायला काही सापडलं नाही. सगळे लवकर घरी गेले.

आंबील

सकाळी भाड्याचा छोटा हत्ती आला. पातेली चढली, घोंगडी चढली. आंबिलीचं मडकं तोंडाला फडकं बांधून दारात ठेवलेलं होतं. ते घरच्या बाईनं डोक्यावरून न्यायचं असतं. श्रीदेवी म्हणाली, "मी मांडीवर घेऊन बसते."

"मांडी लेव्हलमध्ये नसते," अण्णा म्हणाले.

पांडव लाकडी खोक्यात होते. खोकं गाडीच्या मधोमध, खाली फळ्यांचे तुकडे सरकवून पाणसळीत बसवलेलं. अख्ख्या गाडीत सपाट म्हणावी अशी ती एकच जागा. अण्णांनी मडकं खोक्यात ठेवलं, धर्म आणि सहदेव यांच्या मधे, भुशात नीट रोवून. वर झाकण, झाकणाला सुतळी. श्रीदेवीनं एकदा खोक्याकडं आणि एकदा नवऱ्याकडं पाहिलं. रात्रभर आंबलेली आंबील उन्हात आणि गचक्यात काय करते हे तिला माहीत होतं. पण मांडीवरून एवढं ऐकून घेतल्यावर तीही काही बोलणार नव्हती.

मुरूमचा रस्ता चांगला आहे. रस्ता सोडून रानाकडं वळलं की मात्र बैलगाडीची चाकोरी लागते.

रानात कोप उभी होती. आदल्या आठवड्यात अण्णांनी ओळंबा लावून उभी केलेली, चारही कोपरे काटकोनात. कोंडीराम आणि तुळजाबाई आधीच येऊन बसले होते. लांब, मुख्य रस्त्यावर, शंकरप्पांच्या ट्रॅक्टरचं गाणं ऐकू येत होतं. ट्रॉली माणसांनी भरलेली.

अण्णांनी सुतळी सोडली आणि झाकण काढलं.

आत कुणीच नव्हतं.

म्हणजे माती होती. आंबील होती. मडक्याचं फडकं होतं, ते कुठल्यातरी मिशीला चिकटलेलं. फेसाळलेल्या, आंबूस, करड्या रबडीवर चुन्याचे पांढरे पापुद्रे तरंगत होते आणि त्यांतला एक डोळा अण्णांकडं बघत होता. तो अर्जुनाचा असावा. तो नीट निघाला होता.

"बाबौ," कोंडीराम म्हणाले. पुढं काही मत दिलं नाही, यावरून काय ते समजावं.

अण्णा खोक्यापाशी खाली बसले. त्यांना रडू आलं नाही, राग आला नाही. त्यांना फक्त साडूंचा आवाज ऐकू येऊ लागला, अजून ट्रॅक्टर वळलाही नव्हता तरी. रान घेतलं. कोप घातली. आन् पांडव? पांडवच न्हाईत. ट्रॉलीभर माणसं हसणार, आणि पुढच्या वर्षीपासून परत बांधावरून चालत यायचं, पाहुणा म्हणून, मरेपर्यंत.

"दगड बगा पाच," तुळजाबाई म्हणाल्या.

श्रीदेवी बांधावर धावली. कोंडीराम ज्वारीत शिरले. पण ते रान काळं होतं. विकणाऱ्यानं छातीवर हात मारून सांगितलं होतं की खडा निघाला तर व्यवहार रद्द, आणि माणूस शब्दाला जागला होता.

"एक बी न्हाय!" कोंडीराम ज्वारीतून ओरडले. "लई भारी जमीन हाय, अण्णा!"

गाणं जवळ आलं. ट्रॅक्टर चाकोरीला लागला.

अण्णांनी रबरी मोजे शोधले. ते घरी होते. त्यांनी बाह्या वर केल्या, मग थांबले, मग दोन्ही हात कोपरापर्यंत खोक्यात घातले.

थंडगार होतं. बोटांतून बुळबुळीत निघून जात होतं आणि त्याला ताकाचा वास होता. अण्णांनी एक ओंजळ उचलली आणि कोपीत नेऊन थापली. ती बसली, पसरली, अर्धी राहिली. तिच्यावर दुसरी थापली. उभं राहिलं काहीतरी. नाक म्हणून चिमूट घेतली. चिमूट तशीच राहिली, एका बाजूला. सरळ करायला वेळ नव्हता, दुसरा राहिला होता. भुसा, गूळ, फडक्याच्या दशा, सगळं आलं. भीमाला तीन ओंजळी, कारण एवढं तरी पाहिजेच. अर्जुनाला फुटलेल्या मडक्याची खापरी लागली हाताला, ती तशीच आत गेली. नकुल एक मूठ, सहदेव एक मूठ. ते दोघं पहिल्यांदाच अगदी सारखे झाले, कारण दोघंही कशासारखेच नव्हते.

श्रीदेवीनं चुना आणला. अण्णांनी कुंचला मागितला नाही. तळहात बुडवला आणि पाच जणांच्या पाठी थोपटल्यासारखा फिरवला. कावेत अंगठा बुडवून डोळे दाबले. एक डोळा जास्त आत गेला. एक ओघळला. भीमाला गडबडीत तीन झाले.

"मिशा?" कोंडीराम दबक्या आवाजात म्हणाले.

"गप बसा," तुळजाबाई म्हणाल्या.

ट्रॅक्टर थांबला. माणसं उतरली. शंकरप्पा फेटा सावरत पुढं, मागं मल्लम्मा, मागं बाकीची ट्रॉली. अण्णा कोपीच्या दारात उभे. कोपरापर्यंत माती, कपाळावर चुना, धोतरावर पांडवांचे उरलेले भाग. हात जोडावेत तर बोटं एकमेकांना चिकटत होती.

शंकरप्पा वाकून कोपीत गेले. अण्णा मागून त्यांच्या मानेकडं बघत राहिले. मान पांडवांच्या ओळीवरून एकदा इकडून तिकडं गेली. मग शंकरप्पांनी कपाळ टेकलं, हळद-कुंकू वाहिलं, पाहुणे डोकं टेकून गेले, मल्लम्मानं ओटी भरली, कुणीतरी कोपीभोवती फिरत होलग्याचा, म्हणजे येळवशीच्या आरोळीचा, पुकारा केला, आणि सगळे बाहेर येऊन पानावर बसले. एकानंही काही विचारलं नाही. पांडव होते, बस्स. इतक्या दिवसांच्या मापांचं, चाळणीचं, पंख्यातल्या मातीचं ते एवढंच झालं. अण्णांना हायसं वाटलं आणि लगेच थोडा अपमानही वाटला.

पहिलं वाढण यजमानानं आपल्या हातानं वाढायचं. अण्णांनी पाण्याची घागर शोधली. कोंडीराम ती घेऊन चर शिंपायला, म्हणजे रानाच्या कडेनं नैवेद्याचं पाणी शिंपडायला, गेले होते, आणि कोंडीराम कुठलंही काम अर्धं सोडत नसत. अण्णांनी धोतराला हात पुसले, धोतर जास्त मळलेलं होतं. पळी घेतली, भज्जी वाढत ओळीनं गेले.

शंकरप्पांनी पहिला घास घेतला. चावला.

कचकन आवाज झाला. तो सगळ्या पंगतीला ऐकू गेला.

शंकरप्पा थांबले. पंगत थांबली. श्रीदेवीनं पदर तोंडाला लावला. शंकरप्पांनी गालात जीभ फिरवली, दाताखाली आलेलं काय ते चाचपलं. अण्णा पळी घेऊन उभे होते, आणि त्यांच्या कोपरावरून गाळाचा एक थेंब निघून सावकाश बोटाकडं चालला होता.

"माती हाय," शंकरप्पा म्हणाले.

"अप्पा, ते पांडव करताना..."

"गप वो." शंकरप्पांनी घास गिळला. मग अण्णांच्या हातांकडं बघितलं, कोपरापासून नखांपर्यंत, जसं बाजारात बैल बघतात तसं. "एवढी वर्षं आमच्यात जेवायला यायलाव, एकदा तरी तुमच्या हाताला माती बगितली का कुणी? मला वाटायचं, ह्या माणसानं रान घेतलं मंजे कागूद घेतला." ते ओळीकडं वळले. "आरे जेवा की! अण्णाचं रान हाय. दाताखाली येनारच."

'अण्णा' म्हणाले. पंगतीतल्या कुणी ते टिपलं नाही. श्रीदेवीनं टिपलं.

भाकऱ्या मोडल्या, आंबील नाही म्हणून ओरड झाली, आंबील पांडव प्यायले असं श्रीदेवीनं सांगितलं आणि मल्लम्माला ते पटलंही. तेवढ्यात चर शिंपून कोंडीराम आले. रिकामी घागर ठेवून पंगतीच्या शेवटी बसले. श्रीदेवीनं त्यांना पानाच्या बाजूनं भज्जी वाढली. त्यांनी दोन घास खाल्ले, तोंड वाकडं केलं, आणि समोर बघत तक्रार केली.

"शंभुअण्णा, ही काय रीत झाली? अप्पाला मातीची, आन् आमाला साधी? शेजारी आमी हाव का त्ये?"

अण्णांनी पातेलं उचललं. पळी खाली ठेवली, आणि हातानंच वाढलं.